आम्ही खर्ज पाठवला

माझ्या दादाचा आवाज आधी घरात यायचा, दादा मागून यायचा. गल्लीच्या तोंडाशी तो कोणाला तरी "काय, कसं काय?" म्हणाला की आमच्या फडताळातल्या ताटल्या बारीक किणकिणायच्या. खोटं वाटत असेल तर वहिनीला विचारा. ती हात पुसत म्हणायची, "आले आमचे ढगोबा. चहा टाका." ढगोबा हे नाव त्याला बर्फाच्या कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की चर्चमधल्या म्हाताऱ्यासुद्धा त्याला ढगोबाच म्हणायच्या. मी मात्र दादा म्हणते. तो मला चिमणे म्हणायचा. मी साठीला टेकले, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी भर चौकात "ए चिमणे!" अशी हाक यायची आणि मी चरफडत मागे वळायचे.

जन्मभर तो त्या एकाच कारखान्यात होता. बंदराच्या मागच्या रस्त्यावर ती लांबट, खिडक्या नसलेली इमारत. आत पायाखाली लाकडी फळ्या, फळ्यांखाली खाऱ्या पाण्याची गारठलेली टाकी, आणि टाकीत ओळीनं बुडवलेले पत्र्याचे उंच डबे. डब्यातलं पाणी गोठलं की साखळीनं डबा वर ओढायचा, साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचा, तिरका करायचा, की लादी सर्रकन बाहेर. मग आकड्यानं ओढत ती दाराशी न्यायची. दाराशी मासळीच्या गाड्या उभ्या. शाळेत असताना मी त्याचं जेवण पोचवायला जायचे. दार उघडलं की आतून पांढरं धुकं पायांवर यायचं आणि त्या धुक्यात कुठेतरी दादा गात असायचा. तो दिसायचा नाही. धुकंच गातंय असं वाटायचं, आणि मी डबा हातात धरून तशीच उभी राहायचे, जेवण थंड होईपर्यंत. मग बोलणी खायचे.

चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवते. लोक मला तुसडी म्हणतात, म्हणोत बापडे. लय सोडून पळणाऱ्यांकडे मी भर उपासनेत मागे वळून डोळे वटारते, मग ते पाळकसाहेब का असेनात. दादाकडे मात्र कधी वळून बघावं लागलं नाही. मागच्या रांगेत उभा राहून तो खालचा सूर धरायचा, खर्ज, आणि बाकी सगळी मंडळी त्यावर निवांत टेकून गायची. आपण टेकलोय हे त्यांना कळायचंसुद्धा नाही. त्याला कोणी कधी शाबासकी दिली नाही आणि त्यानं ती मागितली नाही.

आता समुद्रापलीकडच्या गावाबद्दल सांगते. ते मासेमारांचं गाव. एका वादळात त्या दिवशी बाहेर असलेल्या सगळ्या होड्या गेल्या, आणि होड्यांबरोबर गावचे पुरुष गेले. राहिल्या बायका, आवाज थकलेली म्हातारी माणसं आणि पोरं. आमच्या चर्चनं त्या गावच्या चर्चशी नातं जोडलं. आधी औषधं आणि कपडे गेले, मग छपराला पत्रे, मग पाण्याची टाकी, मग शिवणयंत्रं. आमचे पाळक विचारून देणारे, आपल्या मनानं काहीबाही गळ्यात मारणारे नाहीत, एवढं मी त्यांचं मान्य करते. दर वर्षी ते फोन करून विचारायचे, "आता काय हवं?" तिथल्या बायकांची पुढारी होती एक जाळी विणणारी बाई. ती तिच्या भाषेत सांगायची आणि तिथल्या शाळेच्या बाई ते आमच्या भाषेत करून द्यायच्या.

त्या वर्षी समितीच्या बैठकीत पाळकांनी निरोप सांगितला आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. जाळीवाली म्हणाली होती, "पत्रे बसले, पाणी येतं, देव तुमचं भलं करो. आता एकच मागणं आहे. आमची गाणी तरंगतात. खाली धरायला कोणी राहिलं नाही. तुमच्याकडे खालचा आवाज असेल तर थोडा पाठवा."

"आवाज?" खजिनदार म्हणाले. "तो कसा पाठवायचा? खोक्यात भरून, वर 'जपून हाताळा' असं लिहून?"

लोक हसले. मग कोणी म्हणालं, एखादा संगीत शिक्षक पाठवू. कोणी म्हणालं, मोठा स्पीकर पाठवू, त्यातून काय हवं ते वाजवतील. चर्चा अशी रंगली की चहा दोनदा झाला. दादा तिथे खुर्च्या लावायला म्हणून आलेला आणि दाराशी रेंगाळलेला. तो म्हणाला, "एवढा घोळ कशाला घालताय? मी आहे की."

तो असं म्हणाला, जसं कोणी दिवे गेल्यावर म्हणतं, काडेपेटी आहे की खिशात.

कारखान्यात मागच्या अंगाला एक जुनी बर्फाची कोठी होती. वापरात नव्हती. भिंती हातभर जाड, आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर. दार लावलं की बाहेरचं जग बंद. बंदराचे भोंगे नाहीत, गाड्या नाहीत, कुत्रीसुद्धा नाहीत. मालकानं दुपारच्या सुट्टीत ती आम्हाला वापरू दिली. मी माझा बॅटरीवरचा छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायचे. माझी वाजवणी दादाच्या कानात, त्या छोट्या इअरफोनमधून. बाहेर फक्त त्याचा आवाज. समोर स्टुलावर घोंगडीची घडी आणि घडीवर फोन, रेकॉर्ड करायला. त्यांच्या भाषेतले शब्द आम्हाला येत नव्हते, म्हणून तो नुसता "ओ" लावून गायचा. चाली मात्र तिथल्याही त्याच, इथल्याही त्याच.

त्या दुपारी आठवल्या की मला अजून आपण जागे होतो का झोपेत, असा प्रश्न पडतो. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी यायची. मला त्याचं गाणं नीटसं ऐकूही यायचं नाही, कारण मी माझ्या बोटांकडे लक्ष देऊन. पण ते पाठीच्या मणक्यातून वर चढायचं. जमिनीवर ठेवलेल्या माझ्या तळव्यांना ते कळायचं. दादा डोळे मिटून गायचा. एकदा मी विचारलं, "डोळे मिटून काय बघतोस रे?"

"किनारा," तो म्हणाला. "बायका वाळूत बसल्यात. जाळी मांडीवर आहेत. एकीच्या मांडीवर पोर झोपलंय, म्हणून हळू गायला हवं."

"तू कधी गेलायस तिथे?"

"रोजच जातो की आता. जेवणाच्या सुट्टीत."

तेव्हापासून मलाही तो किनारा दिसायला लागला. भाजी निवडताना, दाराला कडी घालताना, बसची वाट बघत उभी असताना. राखाडी पाणी, ओली वाळू, पाठमोऱ्या बायका. मी स्वप्नाळू बाई नाही. माझ्यासारख्या हिशेबी बाईला असं काही दिसायला लागणं म्हणजे कहरच.

पाठवलेल्या पहिल्या गाण्यावर त्यांचं उत्तर आलं ते एका उपासनेनंतर. पाळकांनी फोन स्पीकरला जोडला आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. आधी दादाचा आवाज आला, एकटाच. मग त्यावर बायकांचे आवाज उतरले, वरचे, मधले, एकामागून एक, आणि चर्चमध्ये कोणी हललं नाही. खजिनदारांनी चष्मा काढला. वहिनीचं तर आधीपासूनच सुरू झालेलं.

आणि मग ओळीच्या ऐन मध्यात सगळ्या बायका थांबल्या. सगळ्या एकदम. एक मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला, चर्चभर ऐकू जाईल असा, आणि त्या पुढे गायला लागल्या.

"चुकल्या!" मी मोठ्यानं म्हणाले. मला राहवत नाही त्याला मी काय करू? तिथे श्वासाची जागाच नाही. शब्द अर्धा तोडावा लागतो.

दुसऱ्या कडव्यात पुन्हा तिथेच. तिसऱ्यात पुन्हा तिथेच, आणि पुढच्या ओळीतही. एवढ्या बायका एकाच वेळी, एकाच जागी चुकत नसतात. त्या चुकतच नव्हत्या. त्यांच्याकडे जो आवाज गेला होता, त्याच्यामागे त्या अगदी पावलावर पाऊल टाकून चालल्या होत्या. तो जिथे थांबला तिथे त्या थांबल्या, त्यानं श्वास घेतला तिथे त्यांनी घेतला. गाणं असंच असतं असं समजून.

एकट्या दादाचा तो श्वास कोठीत मला ऐकूच आला नव्हता. आता अख्ख्या गावानं तो घेऊन दाखवला. ज्या माणसाची एक ओळ एका दमात निघायची, दुसरीही त्याच दमात निघाली असती, त्याला ओळीच्या मध्यात दम लागत होता. मी मागे वळून बघितलं. दादा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता.

"किती दिवस?" मी नंतर अंगणात त्याला गाठलं.

"थंडीनं होतं गं. कोठी थंड असते ना."

"ती कोठी वर्षानुवर्षं बंद आहे! तुझ्या त्या बंद कोठीत मला घाम येतो!"

तेव्हा वहिनी म्हणाली, "गिळताना दुखतंय त्यांना. मला शपथ घातली होती, चिमणीला सांगू नकोस म्हणून. ती अकांडतांडव करेल म्हणे." आणि मी केलंच अकांडतांडव, तिथेच, चपला हातात घेऊन पळणाऱ्या पोरांसमोर. दुसऱ्याच दिवशी त्याला घशाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, मऊ बोलायची. तिनं नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला दिला आणि निकाल आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवलं. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती चांगली नव्हती. "काढली तर माणूस वाचेल असं मला वाटतं," ती म्हणाली. "पण नुसती गाठ निघणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वास इथून घ्यावा लागेल." तिनं स्वतःच्या गळ्याच्या खळीवर बोट ठेवलं. "आवाज राहणार नाही. आणि उशीर करून चालणार नाही."

दादानं शांतपणे विचारलं, "थोडा उशीर केला तर?"

त्याचं म्हणणं असं होतं. त्या गावात वादळाच्या दिवशी दर वर्षी उपासना होते. बायका गेलेल्यांची नावं घेतात आणि नावांच्या मधे गाणी गातात. त्या दिवसासाठी गाणी पाठवायचा शब्द त्यानं दिला होता, आणि निम्मी अजून व्हायची होती. त्याला मासळीचा हंगाम संपेपर्यंत मुदत हवी होती. एवढी गाणी झाली की मग काय कापायचं ते कापा.

"हंगाम संपेपर्यंत तूच संपशील," मी म्हणाले.

"संपलो तर संपलो. शब्द दिलाय."

मग आमच्यात जे जुंपलं, ते विचारू नका. मी सांगितलं, मी वाजवणार नाही. तो म्हणाला, नको वाजवूस, मी असाच गाईन. मी म्हटलं, कोठीची किल्ली मालकाला परत देऊन येते. तो म्हणाला, धुण्याच्या मोरीत गाईन. वहिनी मधे उभी राहून कधी त्याच्याकडे बघायची, कधी माझ्याकडे, आणि तिच्या हातातला कप कलंडून चहा फरशीवर. शेवटी दादा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चिमणे, आवाज गेला तर मी कोण राहणार गं? ढगोबा गेला तर खाली काय उरतं? लोकरी टोपीतला एक म्हातारा. तुम्हाला दोघींना सांभाळायला एक अडगळ."

मी रागानं स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. माझा एकुलता एक भाऊ डोळ्यांदेखत जाणार आणि तेही गाण्यापायी, ह्या विचारानं मला त्या समुद्रापलीकडच्या बायकांचाही संताप आला. काय मागायचं ते मागायचं ना, पत्रे, पंप, काहीही. आवाज कसला मागता?

पाळकांनी त्यांना फोन करून कळवलं. कळवायलाच हवं होतं. दोन दिवसांनी संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तिला तुमच्याशी बोलायचंय." फोनमधून आधी वारा ऐकू आला, कोंबड्या ऐकू आल्या, मग जाळीवालीचा आवाज आला, खरखरीत आणि भरभर. शाळेच्या बाई तिच्यामागून आमच्या भाषेत बोलत होत्या, वाक्यावाक्याला थांबून.

"ती म्हणते, तुम्ही थांबणार आहात असं ऐकलं. आमच्या गाण्यांसाठी."

"शब्द दिलाय," दादा म्हणाला.

मग ती बाई बोलली आणि ह्या वेळी शाळेच्या बाईंना ते सांगायला जरा वेळ लागला.

"ती म्हणते, माझा नवरा गेला, तेव्हा मला कोणी विचारलं नाही की काय ठेवू आणि काय नेऊ. सगळाच गेला. आवाजही गेला, पायही गेले, दाढी करताना सांडलेलं पाणीही गेलं. कोणी विचारलं असतं ना, की नुसता आवाज घेतो आणि माणूस परत देतो, तर मी म्हटलं असतं, घ्या. आत्ता घ्या. माझा माणूस मुका होऊन दारात उभा राहिला असता, तर मी गावभर नाचले असते."

पाळकांनी फोन दादाकडे सरकवला.

"ती विचारते, तुमच्या घरात बायको आहे ना?"

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंडावर हात धरला होता.

"आहे," दादा म्हणाला.

"मग तिला विचारा, ती म्हणते. आणि गाण्यांचं राहू द्या. थोडी रिकामी राहिली तर राहू द्या. रिकाम्याची आम्हाला सवय आहे."

फोन बंद झाल्यावर दादा बराच वेळ टेबलावरची रेघ अंगठ्यानं घासत बसला. मग वहिनीकडे न बघताच म्हणाला, "ती डॉक्टर कधी या म्हणाली होती?" आणि वहिनी मोठ्यानं रडली. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तिला एवढा मोठा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी आम्ही कोठीत गेलो. एकच गाणं, डॉक्टरीणबाईंनी तेवढ्याला हो म्हटलं होतं. नावं घेऊन झाल्यावर शेवटी गायचं ते. ह्या वेळी मी कीबोर्डकडे बघितलंच नाही, बोटांना जायचं तिकडे जाऊ दिलं आणि दादाकडे बघत राहिले. त्यानं जिथे दम लागला तिथे थांबून श्वास घेतला, लपवला नाही. शेवटचा सूर त्यानं सोडला आणि तो त्या बुचाच्या भिंतींत लगेच विरला. कोठीत काही घुमत नसे. "झालं," तो म्हणाला. मग दाराला हात लावत म्हणाला, "भूक लागली गं."

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खळीत एक भोक आणि त्यात नळी, तिच्यावर वहिनीनं शिवलेला पातळ रुमाल. माणूस वाचला. तो हळूहळू जेवायला लागला, चालायला लागला, कारखान्याच्या दाराशी जाऊन बसायला लागला. पण घर फार शांत झालं. गल्लीच्या तोंडाशी तो आला तरी आत काही कळायचं नाही. एकदम दारात उभा दिसायचा आणि आम्ही दचकायचो. एकदा वहिनी स्वयंपाक करता करता थांबली आणि फडताळावर मूठ आपटली, ताटल्या वाजेपर्यंत. मला म्हणाली, "उगाच गं. बघत होते." आणि पुन्हा चिरायला बसली.

गाण्याचं नाव काढलं की तो उठून जायचा. उपासनेला यायचा तो प्रवचनापुरता. गाणं सुरू झालं की बाहेर पायरीवर. मी ऑर्गनवर बसल्या बसल्या दार लोटल्याचा आवाज ऐकायचे. आमच्या मंडळीचं गाणंही तरंगायला लागलं होतं आणि ते सगळ्यांना जाणवत होतं, पण बोलणार कोण? समुद्रापलीकडून फोन येत. त्यांच्याकडे त्याची गाणी होती, आमच्या फोनमध्ये होती ती त्याच्यासमोर लावायची सोय नव्हती. मला ते टोचायचं, खोटं कशाला बोलू.

अशी काही वर्षं गेली. मग त्यांनी बोलावणं पाठवलं. पाळकांनी यावं, आम्ही यावं, वादळाच्या दिवशी. दादानं हातानं नाही म्हटलं. मी समजावलं, नाही. पाळकांनी समजावलं, नाही. त्याला काय वाटतंय ते मला कळत होतं. तिथे जायचं, त्यांनी गाणी वाजवायचं यंत्र लावायचं, आणि त्यातून स्वतःचा गेलेला आवाज ऐकत चारचौघांत बसायचं. शेवटी वहिनी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमचा आवाज एकटा जाऊन पोचला तिकडे. तुम्हाला काय धाड भरलीय?"

दादा हसला. त्याच्या हसण्याचा आता आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. पण हसला, आणि गेलो आम्ही.

बोटीवर वहिनीला उलट्या आणि मला धास्ती. दादा मात्र कठड्याशी उभा, तोंडावर वारा घेत. किनारा दिसला तेव्हा तो राखाडी नव्हता. हिरवा होता, माझ्या मनात होता त्यापेक्षा लहान, आणि वाळूवर बायका उभ्या होत्या, बसलेल्या नव्हत्या. आम्ही उतरलो तशा त्या आमच्याभोवती जमल्या आणि आमच्यातल्या पुरुषांची तोंडं निरखायला लागल्या. आवाज त्यांना पाठ होता. माणूस कोणी बघितला नव्हता. पाळक पुढे झाले, तर बायकांनी माना हलवल्या. इतक्या बारीक गळ्यातून तो आवाज निघाला नसता. दादा सगळ्यांच्या मागे, दोन पिशव्या छातीशी धरून. सांगणार तरी कसा?

एक उंच, उन्हानं रापलेली बाई गर्दीतून सरळ त्याच्याकडे आली. तिनं गळ्यावरचा रुमाल बघितला. त्याच्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या आणि वाट दाखवत पुढे चालायला लागली. ती जाळीवाली. तिच्यामागून दादा चालला, आणि त्याच्यामागून सगळं गाव.

त्यांचं चर्च लहान, आमच्या पत्र्यांचं छप्पर, खिडक्यांतून समुद्र. आत गेल्या गेल्या दादा कोपरे धुंडाळायला लागला. मला कळलं, तो स्पीकर शोधत होता. मी शाळेच्या बाईंना बाजूला घेतलं. "हात जोडते," म्हटलं, "आज ते यंत्र लावू नका. त्याला ऐकवणार नाही."

"यंत्र?" त्या म्हणाल्या. "ते खाऱ्या हवेनं कधीच बिघडलं. फेकून दिलं आम्ही."

मी ते दादाला सांगितलं. त्याचे खांदे सैल झाले. आणि मग, मी त्याची बहीण आहे, मला दिसलं, त्याचं तोंड उतरलं. ऐकायला नको होतं त्याला. पण इथेही आपण उरलो नाही, हे त्याला लागलं. तो वहिनीशेजारी बाकावर जाऊन बसला आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिला.

नावं घेऊन झाली. फार नावं होती. मग मला त्यांच्या पायपेटीवर बसवलं आणि शेवटचं गाणं लावायला सांगितलं. मी मनातून हलले होते. आता हे गाणं तरंगणार, आणि दादा ते ऐकणार, ह्याहून वाईट काय? मी सूर दिला. बायकांनी उचललं, आधी वरच्या, मग मधल्या.

आणि खालून आवाज आला.

माझी बोटं चुकता चुकता राहिली. मी मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकांवर पोरं उभी होती, नुकतं मिसरूड फुटलेली, लांब हातांची. वादळात बाप गेले तेव्हा आईच्या बोटाला धरून चालणारी. त्यांचे आवाज फुटले तेव्हा गावात त्यांना खर्ज दाखवायला एकही बाप नव्हता. फोनमधून आलेला एक परका म्हातारा होता, आणि त्याच्यामागून ती शिकली होती. एकेकाचा घसा अजून कोवळा, अधूनमधून घसरणारा. पण सूर खाली होता, रुंद होता, आणि सगळं गाव त्यावर टेकून गात होतं. पायपेटीच्या लाकडातून तो माझ्या गुडघ्यांत आला.

दादा उभा राहिला. वहिनीनं त्याची बाही धरली; तिला वाटलं, आता हा बाहेर जाणार. मलाही तेच वाटलं. त्यानं तिचा हात सोडवला, मधल्या वाटेनं चालत गेला, दारापर्यंत गेला आणि दारातून बाहेर न पडता मागच्या रांगेत शिरला. पोरांनी गाणं न थांबवता सरकून जागा केली. तो त्यांच्यात उभा राहिला, डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.

डोळे पुसायला माझे हात मोकळे नव्हते. मला वाजवायचं होतं. पण कान मोकळे होते, आणि आयुष्यभर मी लोकांचे सूर पकडत आले आहे. मला विचाराल तर, त्या रांगेत कोण गात नव्हतं हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.